रविवारपुरती वाचा

मारेगाव
२ सप्टेंबर २०२५

प्रिय विमलताई,
सलाम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं सगळं ह्यांना ऐकू जातं. जूनमध्ये लकव्याने तुमच्या भावाची वाचा नेली, समज नेली नाही. आणि फोन तुम्हालाही आवडत नाही. 'बरं आहे' म्हणता आणि ठेवून देता.

चोवीस ऑगस्टच्या रविवारी मी त्यांना आजारानंतर पहिल्यांदाच चर्चमध्ये नेलं. शेजारच्या निजामुद्दीनभाईंनी आपल्या ऑटोतून पोहोचवलं आणि खुर्चीसकट उचलून पुढच्या बाकाजवळ ठेवलं. गाणी ह्यांच्याशिवाय चालली होती. पेटी दुसरंच कोणी वाजवत होतं आणि सूर ओढत होतं. दुसऱ्या कडव्याला माझ्या शेजारून आवाज आला. ताई, ह्यांचा आवाज. शब्द न् शब्द स्वच्छ. पेटीवाल्याचे हात थांबले, हे मात्र थांबले नाहीत. गाणं संपेपर्यंत अर्धं चर्च रडत होतं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूने सेवादासभाऊंचं दान परत दिलं!"

मी घरी येईस्तोवर धीर धरला. मग पाणी दिलं आणि विचारलं, "भूक लागली का?" तोंड उघडलं, मिटलं. काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. परवाच्या रविवारीही तसंच. तिथे तीन गाणी, घरी मुके.

हा माणूस किती बोलायचा ते तुम्हाला माहीत आहे. पंचायत समितीतून आले की चप्पल काढायच्या आधीपासून सुरू. कोण कोणाला काय म्हणालं, कोणाच्या बैलाने कोणाची पऱ्हाटी खाल्ली. मी म्हणायची, "जरा थांबा हो, डोकं उठलं माझं." आता घरात कुकरची शिट्टी तेवढी बोलते.

पाळकसाहेब म्हणतात, नोव्हेंबरात कापणीच्या सणाला ह्यांच्या वतीने मी उभं राहून साक्ष द्यायची, की देवाने वाचा दिली. मी हो म्हटलेलं नाही. तुम्ही पवित्र शास्त्र शिकलेल्या आहात, म्हणून विचारते. दान द्यायचं तर देवाने ते देवळातच का ठेवलं? माझ्या घराच्या उंबऱ्याशी ते का थांबतं?

नाजियाने, निजामुद्दीनभाईंच्या सुनेने, ह्यांचं गाणं मोबाईलमध्ये भरून घेतलं आहे. तुम्हाला पाठवायला सांगू का?

तुमची,
इंदू

❖

यवतमाळ
९ सप्टेंबर २०२५

प्रिय इंदू,
सलाम.

पाकिटावर पिनकोड नव्हता, तरी पत्र पोचलं. पुढच्या वेळी लिही.

मी इथल्या डॉक्टरांना विचारून आले. मेंदूत बोलण्याची जागा एकीकडे असते आणि पाठ असलेली गाणी बरीचशी दुसरीकडे. बोलण्याची बाजू गेली तरी गाणं राहू शकतं. अशी माणसं त्यांनी पाहिली आहेत. चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात, त्या ओघात त्याला शब्द सापडतात. म्हणून घरात चमत्कार होत नाही याचा अर्थ घरावर कोप आहे असा होत नाही. हे पहिलं.

दुसरं, तू दानाबद्दल विचारलंस. पवित्र आत्म्याची दानं कुणाला घरी वापरायला मिळत नाहीत. कुणाला शिकवता येतं, कुणाला आजाऱ्यासाठी प्रार्थना करता येते, कुणाला गाता येतं. ज्याच्याकडे ते आहे त्याला त्याचा फायदा व्हावा म्हणून ते दिलेलं नसतं. मंडळी उभी राहावी, दुसऱ्याला आधार मिळावा, म्हणून ते दिलं जातं. मी शाळेत भूमिती शिकवली ती वर्गासाठी. घरी मला त्रिकोणाचं काय करायचं होतं? सेवादास गातो आणि मंडळीला बळ येतं, तर दान जिथे चालायचं तिथे चाललं आहे. तू त्यात आनंद मानावास हे बरं.

तिसरं, साक्ष द्यायची तर खरी दे. खरी देता येत नसेल तर जागेवर बसून राहा.

डॉक्टर म्हणाले, रोजचे साधे शब्द चालीत म्हणून बघावेत. कधी कधी उपयोग होतो. नागपूरला त्याचं शिक्षण घेतलेली माणसं असतात, पण सुरुवात घरी करता येते.

ते मोबाईलमधलं गाणं पाठवू नकोस. मला त्याचा उपयोग नाही.

विमल

❖

मारेगाव
२२ सप्टेंबर २०२५

विमलताई,
सलाम.

पिनकोड लिहिला आहे.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. तीन मुद्दे, तिन्ही बरोबर. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नाही. आणि सख्ख्या भावाचा आवाज, मेलेला परत आलेला आवाज, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. बरं.

चालीत म्हणायचं तेही करून पाहिलं. माझा गळा तुम्हाला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच रविवारी ह्यांनी मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव, देव समजून घेईल." तरी मी समोर उभी राहून गायले, "आंघोळीले पाणी काढलं, चला आता उठा." ह्यांनी डोळे गच्च मिटले, दात दुखल्यासारखे. भिंतीपलीकडून नाजिया ओरडली, "काकू, काहून वो, मांजर अडकलं का कुठी?" हे हसले. आवाज नाही, पण खांदे हलत होते. जूनपासून पहिल्यांदा. मीही हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. शब्द आला नाही. रोज गाते आहे. नाजियाने कानात कापूस घालायला सुरुवात केली म्हणते.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. चर्चच्या महिला सभेत पंचफुलाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देवळात तं मोकळे होते बापा, अन् घरी गेले का तोंड बंद. घरातच इश्वास कमी असन. बाईचंच काही तरी असन." मी चहाच्या कपबशा गोळा करत राहिले.

म्हणून गेल्या रविवारी मी त्यांना नेलं नाही. ऑटो परत पाठवला. त्यांनी सकाळीच पांढरा सदरा मागितला होता, बोट दाखवून. सदरा घालून दुपारपर्यंत दाराकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "तिथं बोलायले पायजे तं इथं बोला आधी." मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तुमच्या त्या दानाच्या वाटणीत माझ्या वाटेला फक्त सदरा धुणं आलं आहे.

इंदू

❖

यवतमाळ
२९ सप्टेंबर २०२५

इंदू,

येत्या रविवारी त्याला घेऊन जा. दुसऱ्याच्या दानाला कुलूप घालायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. तो शब्दांसाठी तडफडतो आहे आणि शब्द जिथे सापडतात ती एकच जागा तू बंद केलीस. पुन्हा असं करू नकोस.

हे झालं. आता पंचफुलाबाईंचं.

मी कॉलेजात असताना आमच्या वसतिगृहात एकदा प्रार्थनेचा आठवडा झाला. बाहेरून एक उपदेशिका आल्या होत्या. शेवटच्या संध्याकाळी एकेक मुलगी अनोळखी भाषांत बोलू लागली; तेही आत्म्याचं दान मानतात. कुणी रडत होती, कुणी हात वर करून हसत होती. मी गुडघ्यांवर होते आणि डोळे उघडे ठेवून सतरंजीचे पट्टे बघत होते. मला काही झालं नाही. माझ्या शेजारणीने नंतर मायेने सांगितलं, "विमल, तुझा विश्वास कमी पडला." त्यानंतर मी किती वर्षं मागत होते, ते इथे लिहीत नाही. भाषा नको, तर निरोगी करण्याचं दान दे. ते नको, तर निदान गाता येऊ दे, भावाला येतं तसं. काही आलं नाही. मला मिळालं ते हे: चुका दिसणं, वेळेवर पोचणं आणि रविवारच्या शाळेची हजेरी नीट ठेवणं. यासाठी कुणी कधी हात वर करून रडलं नाही.

तेव्हा पंचफुलाबाईंचं वाक्य मला फार जुनं आहे. ते खोटं आहे. दानं मागून किंवा विश्वास मोजून मिळत नाहीत. देणारा त्याच्या मर्जीने देतो. हे मला पाठ आहे. पाठ असल्याने हवंसं वाटणं थांबत नाही, हेही मला माहीत आहे. माझ्या मागच्या पत्रात हे वाक्य असायला हवं होतं.

गात राहा. नाजिया सहन करील.

विमल

❖

मारेगाव
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय विमलताई,
सलाम.

घेऊन गेले. दोन्ही रविवारी. ह्यांना पाहताच पेटीवाल्याने पेटी त्यांच्या खुर्चीजवळ सरकवली.

ह्या वेळी मी त्यांच्याकडे न बघता लोकांकडे बघितलं. बापूजी, ते कापसाच्या दलालीतले, त्यांची बायको गेल्यापासून कोणाशी बोलत नाहीत, तेही गात होते, डोळे मिटून. मागच्या बाकावर नवऱ्यावर रागावून माहेरी गेलेली एक बाई बसली होती, ती गाणं संपल्यावर नवऱ्याजवळ जाऊन बसली. तुम्ही म्हणता ते मला दिसलं. ह्यांच्या गाण्याने लोक आतून हलतात. दान चालायचं तिथे चालतं, मान्य.

पण दुसऱ्याला जेवताना पाहून आपलं पोट भरत नाही ना, ताई. मला तीन गाणी नकोत. एक शब्द हवा आहे, माझ्याकडे बघून म्हटलेला. कोणताही. मीठ कमी आहे म्हटलं तरी चालेल.

पाळकसाहेबांनी साक्षीचं सगळं ठरवलं आहे. सणाच्या दिवशी, अर्पणाच्या आधी. भला माणूस आहे, त्यांना खरंच वाटतं की हे बरे झाले, कारण ते ह्यांना भेटतात ते चर्चमध्येच, आणि तिथे हे गात असतात. मी "वाचा दिली" म्हटलं तर पंचफुलाबाईंचं तोंड बंद होईल आणि माझी मान वर राहील. नाही म्हटलं तर लोक पुन्हा माझ्याच घरात खोट शोधतील. मला खोटं बोलायची भीती वाटते, आणि खरं बोलायचीही.

तुम्ही या ना. सण सोळा नोव्हेंबरला आहे. तुमचं आमच्याकडे येणं बंदच झालं आहे. आलात तरी एका कोपऱ्यात बसता, कोणाशी बोलत नाही, लोक म्हणतात मास्तरणीला गर्व आहे. मी कधी विचारलं नाही. आता विचारते. तुमचा भावावर काही राग आहे का? त्यांचं गाणं ऐकायचंसुद्धा नाही, इतका?

इंदू

❖

यवतमाळ
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय इंदू,

राग नाही. मला ऐकू येत नाही.

बरीच वर्षं हळूहळू जात होतं, आता जवळजवळ गेलं. उजव्या कानात काही नाही. डाव्या कानात यंत्र घालते, त्यातून आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. गाणं तर मिक्सर चालू असल्यासारखं ऐकू येतं. म्हणून फोन नको, म्हणून पत्रं. म्हणून मी कोपऱ्यात बसते, म्हणजे कुणी मागून हाक मारणार नाही. जन्मभर "मागच्या बाकावर ऐकू येतंय का?" असं दरडावून विचारलं, आणि आता स्वतःबद्दल सांगायची लाज वाटली. लोकांना गर्व वाटला तर वाटू दे, असं ठरवलं होतं.

सेवादासचं गाणं मी शेवटचं ऐकलं ते कधी, हे मला आठवत नाही. ते शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर लक्ष देऊन ऐकलं असतं. बहुधा मी तेव्हा दुसऱ्या ओळीतल्या मुलांना गप्प करत होते.

तो आवाज परत आला असं तू लिहिलंस, ते पत्र मी हातात घेऊन बराच वेळ बसले. मग लिहिलं की उपयोग नाही.

मी पंधरा तारखेला दुपारच्या बसने येते. माझ्याशी ओरडून बोलू नका, त्याने तोंड वाकडंतिकडं होतं आणि मला कळत नाही. माझ्याकडे तोंड करून साधं बोला. मी ओठांवरून बरंचसं समजून घेते. चर्चमध्ये त्याचं तोंड दिसेल अशा जागी मला बसव.

साक्षीचं मी काही सांगणार नाही. ते तुझं आहे.

विमल

❖

यवतमाळ
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय इंदू,
सलाम.

नीट पोचले. भोपळाही पोचला. सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात मला आकडे कळत नव्हते आणि पाळकसाहेब माझ्याकडे बघून हात हलवत होते, म्हणून मीही हलवत राहिले. समोर दुसरं कुणी बोली लावतच नव्हतं हे मला बापूजींनी नंतर सांगितलं. एवढ्या मोठ्या भोपळ्याचं मी एकटी काय करणार? अर्धा शेजारी दिला.

आता मुद्दा. हे मी तिथे बोलले नाही, कारण घर माणसांनी भरलं होतं, आणि मला खात्री करून घ्यायची होती. उगाच आशा लावणं मला पाप वाटतं.

आधी तुझी साक्ष. तू माझ्याकडे तोंड करून उभी राहिलीस, म्हणून प्रत्येक शब्द मला कळला. "रविवारी हे इथं गातात, तुम्ही सारे ऐकता. घरी एक शब्द बोलत नाहीत. मले ते घरी बोलायले पायजेत. मी खोटं सांगत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा." आणि बसलीस. साक्षीत लोक काय मिळालं ते सांगतात. काय मिळालं नाही, हे उभं राहून सांगितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर पंचफुलाबाईंनी तुझा हात धरून काही सांगितलं. त्यांची माझ्याकडे पाठ होती. सांगण्यासारखं असेल तर लिही.

मग सेवादासने गाणं म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं, मी पाहिलं. लहानपणी तो 'आ' करताना डावी भुवई उचलायचा. अजून उचलतो. मला तेवढं मिळालं. ते पुष्कळ होतं असं मी म्हणणार नाही.

आता घरचं. जेवणं झाल्यावर तू आवरत होतीस आणि मी त्याच्यासमोर बसले होते. ऐकू येणारं माणूस खोलीत बसलं की कान इकडेतिकडे जातात. मला ती सोय नाही, म्हणून मी माणसाकडे बघत बसते. तू त्याला पाणी दिलंस आणि वळलीस. तू वळलीस की त्याचे ओठ हलले. तू टॉवेल घेऊन आलीस, पुन्हा वळलीस, पुन्हा तेच. गोळ्या दिल्यास, तेव्हाही. आवाज नव्हता, नाहीतर नाजियाने ऐकला असता. संध्याकाळपर्यंत मी बघत होते. दर वेळी तीच हालचाल, आणि दर वेळी तुझ्या पाठीकडे. तू समोर असतेस तेव्हा तू प्रश्न विचारतेस, त्यात तो गोंधळतो आणि तोंड मिटतो. तू पाठ फिरवलीस की तो एकच शब्द म्हणतो.

ओठ मिटतात, उघडतात, मग दात जवळ येतात. ब, प आणि म ओठांवर सारखेच दिसतात, म्हणून मी छातीठोकपणे सांगत नाही. पण मला वाटतं, तो "बैस" म्हणतो.

तू बसत नाहीस, इंदू. मी दोन दिवस होते, तुला बसलेली मी फक्त चर्चमध्ये पाहिली.

मी याला दान वगैरे म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. बहिऱ्या बाईची सवय आहे. मी जन्मभर जे मागितलं त्यातलं हे काहीच नाही, आणि जे गेलं ते गेल्यामुळे हे आलं आहे. देणाऱ्याला विचारायची संधी मिळाली तर मी विचारणार आहे. तोवर ज्याच्यासाठी ते वापरता येतं, त्याच्यासाठी वापरते.

गाऊ नकोस, विचारू नकोस. समोर बस आणि बघ.

विमल

❖

मारेगाव
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय विमलताई,
सलाम.

पोस्टमनने पत्र दारातच दिलं आणि मी ते पायरीवर उभ्यानेच वाचलं. चुलीवर, म्हणजे गॅसवर, तुरीच्या शेंगा उकडत होत्या. आत आले, गॅस बंद केला. ह्यांना पाणी दिलं आणि वळले. वळून दोन पावलं गेले आणि एकदम मागे पाहिलं.

ओठ हलत होते, ताई. तुम्ही लिहिलं तस्सेच.

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ परत हलले नाहीत. डावा हात उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि मोठा श्वास सोडला, ओझं उतरवल्यासारखा. किती दिवस म्हणत होते कोण जाणे. आणि मी टॉवेल धुत होते.

नाजिया भिंतीपलीकडून म्हणाली, "काकू, आज गाणं नाही का? तब्येत बरी हाये ना?" मी म्हटलं, "बसली आहे मी." ती म्हणाली, "तुम्ही? बसल्या?" आणि बघायलाच आली. दारातून पाहून तशीच गेली.

आवाज आलेला नाही. तो मला अजून हवा आहे, रोज हवा आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. सभेतल्या बायका प्रार्थना करतात. पंचफुलाबाईंनी तुमच्याकडे पाठ करून काय सांगितलं ते विचारलंत. त्या म्हणाल्या, "माहा पोरगाई माह्याशी बोलत नाही वो. मी कोणाले सांगू? म्हनून तुले बोलली." आता त्या बुधवारी शेंगा सोलायला येतात. मी बसून सोलते.

पण एक अडचण झाली आहे. रोज दुपारी मी समोर बसते, आणि दोन दिवसांपासून त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले आहेत. "बैस" नाही. दुसरं काहीतरी आहे, लांब आहे, आणि मध्येच ते स्वतःच हसतात. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मी चुकीचं काही म्हटलं की ते कपाळाला हात लावतात.

तुम्ही शिकवायला या. चार दिवस नको, थंडीभर या. शेगडी आहे, तुमचे गुडघे शेकता येतील. मी वयाने थोराड आणि डोक्याने मंद विद्यार्थिनी आहे, तेव्हा रागवायची पूर्ण मुभा आहे. पहिल्या बाकावर बसेन.

वाट बघते. हेही, 'दोघं बघतो आहोत असं लिही' म्हणून खुणावत आहेत, असं मला वाटतं. खरं काय ते तुम्ही येऊन वाचा.

तुमची,
इंदू